माहितीपट मध्येच थांबवून विचारा : ठाणे-नवी मुंबईतल्या पत्रकारिता विभागांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांमधील पत्रकारिता व जनसंवाद विभागांचे प्रमुख, सहकारी प्राध्यापक आणि अभ्यास मंडळाचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा स्थानकांच्या मध्ये दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यातली काही दगावली. ती सकाळ तुम्ही विसरला नसाल. आपल्या वर्गातली निम्मी मुलं त्याच दारात उभी राहून कॉलेजला येतात. सुट्टी संपून तास सुरू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आला. त्याचं इन्स्टाग्रामवर बातम्यांचं पेज आहे. त्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "मॅम, चॅनेलच्या आधी माझ्याकडे होता हा व्हिडिओ."

रुळाच्या कडेला पडलेला एक माणूस. चेहरा स्पष्ट दिसतोय, शर्ट वर सरकलाय. व्हिडिओ या मुलाने काढलेला नव्हता, कुठल्यातरी ग्रुपवर आला होता. त्यावर त्याने लाल पट्टी टाकली होती आणि कोपऱ्यात आपल्या पेजचा लोगो. मी विचारलं, हा माणूस वाचला का? त्याला माहीत नव्हतं. हा व्हिडिओ त्याच दिवशीचा आणि तिथलाच आहे, हे कोणाला विचारलंस? कोणालाच नाही. त्याच्या बायकोने हा तुझ्या पेजवर पाहिला असेल तर? तो गप्प झाला. हा मुलगा निर्दय नाही. टिटवाळ्याहून येतो, त्याचे वडील त्याच मार्गावर तीस वर्षं प्रवास करतायत. त्याला बातमीचं खरोखरच वेड आहे. पण थांबून बघायची सवय त्याला कोणी लावलेली नाही, आणि ते कोणी म्हणजे आपण.

दुसऱ्या दिवशी मी जे आपण सगळे करतो तेच केलं. प्रेस कौन्सिलची पत्रकारितेच्या आचरणाची तत्त्वं वर्गात वाचून दाखवली. अचूकता, खासगीपणाचा आदर, दुःखात असलेल्या माणसांशी कसं वागावं, सगळं. मुलांनी लिहून घेतलं. सत्र परीक्षेत त्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांना चांगले गुण पडले, या मुलालाही. त्याचं पेज मात्र तसंच चालू राहिलं. एकीने मला विचारलंही, की मॅम, प्रेस कौन्सिल तर वर्तमानपत्रांसाठी आहे ना, आम्हाला कुठे लागू होते? तिचं बरोबर होतं. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलचा अधिकार छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरताच ठेवलाय, आणि तिथेही ताकीद द्यायची, नापसंती नोंदवायची, याच्या पलीकडे कौन्सिलच्या हातात फारसं काही नाही. ज्यांच्या हातात छापील कागद कधी येणारच नाही अशा मुलांना आपण छापील कागदाचे नियम पाठ करायला लावतो.

हे पत्र लिहायचं कारण इतकंच, की नीतीचा हा विषय आपण चुकीच्या पद्धतीने शिकवतोय अशी माझी खात्री झाली आहे, आणि त्यावर एक साधा उपाय मला सापडलाय. माहितीपट. तो पूर्ण दाखवायचा, पण ज्या क्षणी कोणालातरी निर्णय घ्यायचा आहे त्या क्षणी मध्येच थांबवायचा, दिवे लावायचे आणि मुलांना विचारायचं, की आता तुम्ही काय कराल? उत्तरं फळ्यावर लिहून काढायची. मगच पुढे सुरू करायचा.

मी कोण हे सांगायला हवं. बावीस वर्षं ठाणे जिल्ह्यात बातमीदारी केली, आता तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवते. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली. बांधकाम चालू असतानाच माणसं राहायला आलेली, मजुरांची कुटुंबंही आतच. ७४ जीव गेले. त्या रात्री मी एका रुग्णालयात होते. माझ्याकडे मृतांची यादी आली होती आणि डेस्कवरून सारखा फोन येत होता, पान थांबवून ठेवलं होतं. यादीतल्या एका मुलीचं नाव मला नीट लागत नव्हतं. बाहेर बाकावर एक माणूस बसला होता, कोणीतरी सांगितलं की हा तिचा बाप. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, मुलीचं नाव कसं लिहायचं? त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याला तोवर कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

नाव बरोबर छापून आलं. अचूकतेच्या नियमात मी कुठेही चुकले नव्हते.

या प्रसंगाचं मी वर्गात कितीदा वर्णन केलं, तरी मुलं सहानुभूतीने माझ्याकडे बघतात आणि विषय तिथेच संपतो. ती माझी गोष्ट असते, त्यांची होत नाही. त्यांनी स्वतः त्या बाकासमोर उभं राहायला हवं, कागद त्यांच्या हातात हवा, डेस्कचा फोन त्यांच्या कानात वाजायला हवा. खऱ्या दुर्घटनेत नेऊन हे शिकवता येत नाही, आणि नेऊही नये. माहितीपटात ते जमतं, कारण तिथे माणसं खरी असतात, कॅमेरा धरणाराही खरा असतो, आणि आपल्याला थांबायला वेळ असतो.

मी सुरुवात आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर'ने केली. १९८५ चा, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरचा. मुलांना जवळचा, कारण त्यातली भाषा रोज कानावर पडणारी आणि माणसं स्टेशनबाहेर दिसणारी. त्यात घर मोडलेली एक बाई एकदम कॅमेऱ्याकडे वळते आणि चित्रीकरण करणाऱ्यालाच सुनावते. गरिबांची चित्रं काढून तुमचं नाव होईल, आमच्या हाती काय येणार, असा तिच्या बोलण्याचा रोख असतो. मी तिथे थांबवलं. विचारलं, हे ठेवाल की कापाल?

चाळीसपैकी बत्तीस मुलं म्हणाली, कापू. कारणं छान होती. फिल्मचा विषय बदलतो. दिग्दर्शक वाईट दिसतो. बाई रागात आहे, नंतर तिला पस्तावा होईल. एक जण म्हणाला, आपण तिच्या बाजूनेच बनवतोय ना, मग तिने असं का बोलावं? मी काही बोलले नाही. मागच्या बाकावरची, दिव्याहून येणारी एक मुलगी, जी वर्षभरात दोनदाच बोलली असेल, ती उभी राहिली. त्यांची चाळ पाडायला गाडी आली होती तेव्हा चॅनेलवाले आले होते. तिच्या आईला रडायला सांगितलं होतं, म्हणजे तसं सरळ नाही, पण आई बोलायची थांबली की ते माइक खाली घ्यायचे आणि डोळे भरले की परत वर. "मॅम, ती बाई बरोबर बोलतेय," इतकं म्हणून ती बसली. त्यानंतर वर्गात जी चर्चा झाली ती मी कुठल्याही पुस्तकातून घडवून आणू शकले नसते. दिग्दर्शकाने तो भाग ठेवला आहे, हे त्यांना मी चर्चेनंतर दाखवलं.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण माझं स्वतःचं सुरुवातीला इथेच चुकलं. माहितीपट म्हणजे सत्य, आणि आपण ते मुलांना पाजायचं, अशा समजुतीने दाखवला तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्या पिढीने ठाण्याच्या मल्हारसारख्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट पाहिले. तो शब्दच बघा, अनुबोधपट. बोध करून देणारा. भारदस्त आवाजात कोणीतरी सांगायचं आणि आपण मान डोलवायची. तसं बघायला शिकलेला विद्यार्थी उद्या कुठल्याही भारदस्त आवाजावर विश्वास ठेवेल. म्हणून माहितीपटालाच आधी प्रश्न विचारायला शिकवावं लागतं. कॅमेरा कुठे उभा होता? तिथपर्यंत तो कोणाच्या परवानगीने गेला? कोण बोललं नाही? ही वाक्यं याच क्रमाने बोलली गेली होती का?

त्यासाठी मी रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' वापरते. मूक आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या एका इनुइट कुटुंबाचं जीवन. मुलं आधी हसतात, मग गुंगून जातात. बर्फाचं घर बांधण्याचा प्रसंग संपला की मी थांबवते आणि विचारते, आतलं हे दृश्य इतकं उजेडात कसं काय दिसतंय? कोणी म्हणतं फ्लॅश, कोणी म्हणतं मोठा दिवा. मग सांगते, की कॅमेऱ्याला आत पुरेसा उजेड मिळेना म्हणून अर्धंच घर बांधलं होतं, एक बाजू उघडी होती, आणि ते कुटुंब उघड्यावर झोपल्याचं दाखवत होतं. नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, अल्लाकारियाल्लाक होतं. पडद्यावरची त्याची बायको त्याची बायको नव्हती. ती माणसं तोवर बंदुकीने शिकार करत होती, तरी भाल्याने करवून घेतली, कारण प्रेक्षकांना जुनं काहीतरी हवं होतं. ग्रामोफोनची तबकडी तो चावून बघतो ते दृश्य तर निव्वळ अभिनय आहे, त्याला ग्रामोफोन ठाऊक होता. वर्गात दोन मिनिटं शांतता पसरते. फसवल्यासारखं वाटतं त्यांना, आणि ते वाटायलाच हवं. मग हळूच विचारायचं, की गेल्या महिन्यात नाक्यावरच्या मजुरांवर केलेल्या तुमच्या व्हिडिओत त्या काकांना तुम्ही घमेलं परत उचलायला सांगितलं होतं ना?

सगळ्यात जास्त वेळ मी 'रायटिंग विथ फायर'ला देते, आणि तुम्हीही द्यावा अशी विनंती आहे. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा २०२१ चा माहितीपट. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमधून २००२ मध्ये सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या, ग्रामीण दलित स्त्रियांनी चालवलेल्या वृत्तपत्राबद्दल. छापील कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर जाताना त्या बायका काय काय झेलतात, हे त्यात आहे. ज्या बाईने आयुष्यात स्मार्टफोन हातात धरला नव्हता ती फोनवर बातमी चित्रित करायला शिकते, पोलीस ठाण्यात जाऊन अधिकाऱ्याला प्रश्न विचारते. आपल्या मुली हे बघून ताठ बसतात. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला हा माहितीपट आहे.

पण माझ्यासाठी खरा तास पडदा काळा झाल्यावर सुरू होतो. मार्च २०२२ मध्ये, ऑस्करचा सोहळा काही दिवसांवर आलेला असताना, 'खबर लहरिया'नेच निवेदन काढलं. माहितीपट प्रभावी आहे, हे त्यांनी मान्य केलं, पण आपली संस्था एकाच पक्षाबद्दल बातम्या देणारी असल्यासारखं चित्र त्यातून उभं राहतं आणि ते खरं नाही, असं म्हटलं. दिग्दर्शक आपल्या फिल्मच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे बघा, दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं. एका बाजूला वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत राहून चित्रीकरण केलेले दोघं, दुसऱ्या बाजूला आयुष्यभर इतरांच्या गोष्टी सांगणाऱ्या आणि आता स्वतःचीच गोष्ट दुसऱ्याच्या हातात गेलेल्या बातमीदार. गावात परत जाऊन त्यांना त्याच रस्त्यांवर बातमी करायची आहे. एका बाजूच्या म्हणून त्या ओळखल्या गेल्या तर उद्या कोण दार उघडेल?

या प्रश्नावर मी वर्गाचे दोन गट करत नाही. तसं केलं की मुलं वादविवाद स्पर्धेत उतरतात आणि जिंकायच्या मागे लागतात. मी प्रत्येकाला आधी दिग्दर्शकाच्या जागेवरून एक पान लिहायला सांगते आणि आठवड्याने 'खबर लहरिया'च्या बातमीदाराच्या जागेवरून. दुसरं पान लिहायला बसल्यावर एका मुलाने मला फोन करून विचारलं, मॅम, दोन्ही पानं माझीच खरी वाटतायत, चालेल का? मी त्याला चालेल म्हटलं. तेवढ्यासाठी मी हा विषय शिकवते.

बातमीदारांचं शौर्य दाखवणाऱ्या फिल्म मात्र मी शेवटी ठेवते, आणि कमी ठेवते. त्या बघून मुलांची छाती फुगते आणि आपण चांगल्या बाजूचे आहोत, तेव्हा आपण करू ते चांगलंच, असं त्यांना वाटायला लागतं. अपवाद रुमानियातल्या 'कलेक्टिव्ह'चा, अलेक्झांडर नानाउ यांचा, २०१९ चा. ३० ऑक्टोबर २०१५ ला बुखारेस्टमधल्या एका नाइट क्लबला आग लागली, आणि नंतर रुग्णालयांत दाखल झालेली, वाचू शकणारी माणसंही संसर्गाने मरू लागली. कारण निर्जंतुकीकरणाची औषधं पाणी घालून पातळ केलेली होती. हे उघडकीला आणलं ते खेळांच्या एका दैनिकाच्या बातमीदारांनी. आपल्याकडे क्रीडा पानावर काम करणाऱ्यांना डेस्कवर जे ऐकून घ्यावं लागतं ते माहीत असल्यामुळे मला ही गोष्ट फार आवडते. त्यात एक डॉक्टर बातमीदारांकडे एक चित्रफीत आणते. रुग्णाच्या जखमेत अळ्या आहेत. इथे थांबवा. दाखवायची का? दाखवली नाही तर कोणी विश्वास ठेवणार नाही. दाखवली तर तो एका माणसाचा देह आहे, त्याला घरदार आहे, आणि त्याने परवानगी दिलेली नाही. आणि डॉक्टर ओळखली गेली तर तिचं काय? मुंब्र्याचा व्हिडिओ पेजवर टाकणारा तो मुलगा या तासाला बराच वेळ फळ्याकडे बघत होता. त्याला मी मुद्दाम काही विचारलं नाही.

तंत्रज्ञानाचा प्रश्नही याच मार्गाने येऊ द्या, वेगळा धडा नको. २०१८ मध्ये वारलेले आचारी आणि लेखक अँथनी बोर्डेन यांच्यावर २०२१ मध्ये मॉर्गन नेव्हिल यांनी माहितीपट केला. बोर्डेन यांनी लिहिलेली, पण कधीही न उच्चारलेली काही वाक्यं त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या त्यांच्याच आवाजात ऐकू येतात, आणि प्रेक्षकाला ते सांगितलेलं नव्हतं. वाक्यं तर त्यांचीच होती. मग बिघडलं कुठे? आपली मुलं आज फुकटच्या ॲपवर नेत्यांचे आवाज काढून एकमेकांना पाठवतात, त्यांना यावर बोलायला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे.

पटवर्धनांच्याच 'जय भीम कॉम्रेड'बद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 'हमारा शहर'मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, आणि त्यानंतर घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन परत गेले आणि पुढची चौदा वर्षं चित्रीकरण करत राहिले. २०११ मध्ये फिल्म पुरी झाली. आपल्या धंद्यात पाठपुरावा हा शब्द आपण किती सहज वापरतो. घाटकोपर ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासावर आहे. ज्याचा आवाज आपण एकदा वापरला त्याच्या दारात पुन्हा किती जण जातात? शिळफाट्याच्या त्या बापाकडे मी पुन्हा गेले नाही. तो कुठे राहतो हे शोधणं मला अवघड नव्हतं.

आता अडचणी. त्या मला माहीत आहेत, कारण त्या मी भोगल्या आहेत. एका महाविद्यालयात मला सांगितलं गेलं की सिलॅबस पुरा करा, सिनेमे कसले दाखवता, पालक विचारतात. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मुलं बदलापूर, टिटवाळा, पनवेल, उरणहून येतात, निम्मी दुपारनंतर कामाला जातात, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर थांबा म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून माझी मागणी वेळापत्रकातच दोन तास सलग जोडून देण्याची आहे. महिन्यातून एकदा. सभागृह नको, वर्ग चालेल. मात्र आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर नको. माणूस काय बोलतोय ते ऐकूच आलं नाही तर त्याच्याबद्दल आदर कुठून वाटणार?

कायद्याची भीती घालणाऱ्यांसाठी एवढंच, की १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं यांनाच चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग धरलेला नाही. बाहेरच्यांना तिकीट लावून दाखवणं वेगळं. आणि चोरीची प्रत डाउनलोड करून नीती शिकवायला बसू नका, मुलं तेही बघत असतात.

इंग्रजी फिल्मच्या वेळी मराठी माध्यमातून आलेली मुलं मागे पडतात, हे मला दोन सत्रं लक्षातच आलं नव्हतं. ती खालची वाक्यं वाचत बसतात आणि चेहरा बघायचा राहून जातो. आता मी हिंदी-मराठी फिल्म आधी घेते आणि इंग्रजी असेल तर आदल्या दिवशी कथा मराठीत सांगून टाकते. कथा आधी कळली तरी काही बिघडत नाही, शेवट काय होतो यासाठी आपण बघतच नाही. चर्चा मात्र मुलांना येईल त्या भाषेत होऊ द्या, आगरीत बोलली तरी.

राजकारण होईल ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. प्राचार्यांवर दबाव येतो, हेही खरं. म्हणूनच मी एकाच मताच्या फिल्म लावत नाही आणि कोणतीही लावली तरी तिच्या दिग्दर्शकाला प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही. ज्या वर्गात पटवर्धनांनाही प्रश्न विचारले जातात, तिथे कोणी येऊन बसलं तरी मला चिंता नाही.

मुलांच्या स्वतःच्या फिल्म हा पुढचा भाग, आणि तो नवी मुंबईत फार गंभीर आहे. दरवर्षी प्रकल्पासाठी गट निघतात. तुर्भ्याच्या दगडखाणी, दिव्याचं डम्पिंग, आणि विमानतळासाठी उठलेली गावं. विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, त्याच्या आधी आणि नंतर उलव्याच्या बाजूला कॅमेरे घेऊन जाणाऱ्या मुलांची रीघ होती. या माणसांच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीसाठी १९७० पासून जात आल्या आहेत, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या गोळीबारात त्यांच्यातले पाच जण मारले गेले. तिथे आपला विद्यार्थी जातो, वरून ड्रोनने छान दृश्य घेतो, एका म्हातारीला ओट्यावर बसवून "तुम्हाला कसं वाटतं?" विचारतो, आणि इंग्रजीत छापलेल्या संमतीपत्रावर तिचा अंगठा घेऊन संध्याकाळच्या लोकलने परत येतो. ते संमतीपत्र आपणच त्याला दिलेलं असतं. आपल्या फाइलमध्ये ते लागतं म्हणून.

संमती तिच्या भाषेत, तोंडी, कॅमेऱ्यासमोर घ्यावी. चित्रीकरण संपल्यावर पुन्हा विचारावं, कारण बोलून झाल्यावर माणसाला कळतं की आपण काय बोलून बसलो. आणि फिल्म परीक्षकांच्या आधी त्या ओट्यावर दाखवावी. गेल्या वर्षी माझ्या एका गटाने असं केलं. गावातल्या एका काकांनी स्वतःचं एक वाक्य काढायला लावलं, भावकीत भांडण होईल म्हणून. फिल्मचं ते सगळ्यात जोरदार वाक्य होतं. मुलांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि मग काढलं. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्याचं कारण लेखी कळवलं.

लहान मुलांच्या बाबतीत तर ही पर्वा कायद्यानेच घालून दिली आहे. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये पीडित मुलाचं नाव आणि फोटोच नाही, तर पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटवणारं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून बदलापूर पेटलं तेव्हा माझ्या वर्गात त्याच गावची सात मुलं होती. नाव द्यायचं नाही, हे सातही जणांना माहीत होतं. शाळा आणि शेजार या दोन शब्दांवर मात्र सगळे चमकले.

म्हणून अभ्यास मंडळाकडे मागणी अशी, की पत्रकारितेची नीती आणि कायदे या विषयाचे निम्मे गुण लेखी परीक्षेतून काढून वर्षभरात पाहिलेल्या माहितीपटांच्या नोंदवहीला द्यावेत. नोंदवहीत फिल्मचं सार लिहायचं नाही. कुठे थांबलो, तेव्हा काय वाटलं, नंतर मत बदललं का, इतकंच. ती तपासायला जास्त वेळ लागतो, हे कबूल. विभागप्रमुखांकडे मागणी त्या दोन सलग तासांची. आणि सहकाऱ्यांकडे, की तुमच्या आयुष्यातला तो बाक, तो कागद तुम्हीही एकदा वर्गात सांगा. सगळ्यांकडे असतो एखादा.

ठाण्यापासून पनवेलपर्यंत कोणत्याही विभागाने बोलावलं तर मी माझ्या खर्चाने येईन, पहिला तास घेऊन दाखवीन, तुमच्या शंका तुमच्याच मुलांसमोर ऐकेन. शनिवार सकाळ मोकळी ठेवली आहे. वर्गाच्या खिडक्यांना जाड पडदे तेवढे लावून ठेवा.

आपली नम्र,
ठाण्यातली एक जुनी बातमीदार आणि तासिका तत्त्वावरची शिक्षिका